टिंब्या गप्प का?

"बाई, टिंब्या कुणाशीच बोलत नाही. त्याला 'तलावपाली' नीट म्हणता येत नाही ना."

पाचवीचा मराठीचा तास. प्रत्येकाने मनाने एक पात्र रचलं होतं. हे सांगणाऱ्या मुलाचा टिंब्या म्हणजे ठाण्याच्या मासुंदा तलावातला मासा. राहतो तलावपाळीला, म्हणजे त्याच तलावाच्या परिसरात, आणि पत्ताच सांगता येत नाही. कुणी विचारलं की बुडी मारतो.

हा मुलगा वर्गात कधी सलग दोन वाक्यं बोलत नाही. जूनपासून मीच त्याला भर वर्गात अडवतेय, "ळ म्हण, ळ!"

आज नाही अडवलं.

वहीत टिंब्याचं तोंड पेन्सिलने गिरवून गिरवून बंद केलंय. कागद फाटायचा बाकी.

स्वतःबद्दल जे बोलायची चोरी, ते मूल पात्राच्या आडून सांगून टाकतं. उद्या गोष्ट पुढे न्यायचीय. टिंब्याशी आधी कोण बोलेल? मी, की दुसऱ्या कुणाचं पात्र?