निन्टेन्डोच्या दारातला भोंगा

शनिवारी लेकाला बास्केटबॉलहून आणताना निन्टेन्डो या व्हिडिओ गेम कंपनीच्या ऑफिसवरून गाडी नेली. अमेरिकेत, रेडमंडमध्ये राहायला लागून सात वर्षं झाली, त्या बाजूनं शेकडो वेळा गेले असेन. लेक म्हणाला, "आई, इथेच येऊन तो क्रॅश ओरडला होता, माहितीये?" मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर त्यानं १९९६ ची एक जाहिरात लावून दिली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही, म्हणून आज लिहायला बसले.

जाहिरात सोनीच्या प्लेस्टेशन या गेम खेळायच्या यंत्रावरच्या 'क्रॅश बँडिकूट' या गेमची. क्रॅशचा, म्हणजे नारिंगी केसाळ प्राण्याचा, पोशाख घातलेला एक माणूस निन्टेन्डोच्या ऑफिसबाहेर येतो, तोंडाला भोंगा लावतो आणि निन्टेन्डोच्या गेममधल्या मिशीवाल्या प्लंबरला, मारिओला, हाका मारतो. प्लंबर म्हणून चिडवतो, मिशीवरून चिडवतो, तुझे दिवस भरले म्हणतो. शेवटी सुरक्षारक्षक त्याला बाहेर काढतो. पैसे देऊन, कॅमेरे लावून, प्रतिस्पर्ध्याच्या दारात केलेला हा तमाशा!

मी तीन वेळा पाहिली आणि तिन्ही वेळा मला राग आला. बोंब मारायची सोय आपल्याकडेही आहे, पण ती शिमग्याला, आणि दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन जातं. एरवी कुणाच्या दारात जाऊन त्याच्या धंद्यावरून आणि मिशीवरून बोलणं म्हणजे सात पिढ्यांचं वैर. २०१० मध्ये रिनच्या जाहिरातीत टाइडचं नाव थेट घेतलं होतं, आठवतं? प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात गेलं आणि जाहिरात थांबवावी लागली. मला ते योग्यच वाटलं होतं. आजही वाटतं.

लेकाला मात्र मी एक गोष्ट आवर्जून सांगितली. बँडिकूट हा शब्द मूळचा आपल्याकडचा. तेलुगूत घुशीला पंदिकोक्कु म्हणतात, त्यावरून इंग्रजांनी तो उचलला आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका वेगळ्याच प्राण्याला चिकटवला. म्हणजे निन्टेन्डोच्या दारात जी आली, ती नावानं तरी आपलीच घूस. त्याला ते फारच आवडलं.

राग आला तरी मी वाचत बसले. रात्रीचे दोन वाजले. आणि एका प्रसंगापाशी थबकले.

११ मे १९९५, लॉस एंजेलिस. ई-थ्री हे गेमवाल्यांचं मोठं प्रदर्शन पहिल्यांदाच भरलेलं. सेगा या दुसऱ्या गेम कंपनीचे टॉम कलिन्स्की यांनी जाहीर केलं, की आमचं सॅटर्न हे गेम खेळायचं यंत्र सप्टेंबरपर्यंत थांबणार नाही, ते आजपासूनच काही दुकानांत मिळेल, किंमत ३९९ डॉलर. सगळ्यांना धक्का. मग त्याच दिवशी सोनीच्या कार्यक्रमात प्लेस्टेशनची किंमत सांगायला सोनीचे स्टीव्ह रेस यांना व्यासपीठावर बोलावलं. ते आले, "दोनशे नव्याण्णव" एवढंच म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मला हे मनापासून आवडलं. त्यात कुणाची मिशी नाही, कुणाचा अपमान नाही. एक आकडा, आणि तो खरा. नाशिकच्या बाजारात "तिकडं वीसला, माझ्याकडं पंधराला" म्हणणाऱ्या मावशी याच जातकुळीतल्या. त्यांना कुणी व्यासपीठ दिलं नाही, एवढाच फरक. सेगा काही फक्त त्या शंभर डॉलरनं हरली नाही. घाईत आणलेल्या सॅटर्नसाठी गेम पुरेसे तयार नव्हते, ज्या दुकानांना पहिला माल दिला नाही ती बिथरली. २००१ मध्ये सेगानं यंत्रं बनवणंच सोडलं.

दुसरा प्रसंग २०१३ चा. मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स या आपल्या नव्या गेमयंत्रावर वापरलेल्या गेमच्या देवघेवीला बंधनं घालायचं ठरवलं होतं. सोनीनं जेमतेम वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला, 'गेम दुसऱ्याला कसा द्यावा' असा. एक माणूस डबी पुढे करतो, दुसरा ती घेतो, संपलं. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टनं ती बंधनं मागे घेतली. हा टोमणा लोकांच्या कामी आला.

तो व्हिडिओ पाहताना मला आमची गल्ली आठवली. टीव्ही गेमची एक पिवळी कॅसेट सात घरांत फिरायची. लागली नाही की दादा ती उलटी धरून खालच्या पट्टीवर फुंकर मारायचा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, मग फ्रॉकला पुसून परत घालायचा. माझ्या फ्रॉकला, स्वतःच्या शर्टाला नाही. ती कॅसेट कुणाची होती हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

या सगळ्यानं मला माझी एक जुनी गोष्ट परत उकरायला लावली. आधीच्या कंपनीत एका सहकाऱ्यानं बाराजणांच्या मीटिंगमध्ये माझ्या टीमचं काम त्याच्या टीमपेक्षा किती हळू चालतं, ते आकडे लावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तोच मला जेवायला चल म्हणून बोलवायला आला. मी डबा आणलाय म्हणाले आणि पंधरा दिवस अबोला धरला. इथल्या मैत्रिणी म्हणतात, तू उगाच मनाला लावून घेतलंस. आकडे बरोबर होते, ते मी तेव्हाही मान्य केलं. पण आदल्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन सांगायला त्याला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. चारचौघांत बोलायच्या आधी माणसाला एकट्यात सांगावं, हे मला घरी शिकवलंय आणि ते मी सोडणार नाही.

तरी एक मान्य करते. इथे भांडण धरून ठेवत नाहीत. त्याच २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये दोन्ही यंत्रं आठवड्याच्या अंतरानं बाजारात आली, तेव्हा सोनी आणि एक्सबॉक्सवाल्यांनी एकमेकांचं जाहीर अभिनंदन केलं. क्रॅश तर २०१८ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर आला, ज्या दारातून हाकलला होता त्याच घरात. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ॲक्टिव्हिजन ही गेम कंपनी विकत घेतली, क्रॅशचे हक्क तोवर तिच्याकडे होते, म्हणून तिच्याबरोबर क्रॅशही गेला. मायक्रोसॉफ्टचं आवार निन्टेन्डोच्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर आहे. आता भोंगाही लागणार नाही.

काल रात्री लेक स्विचवर तोच गेम खेळत होता आणि नाशिकहून आईचा व्हिडिओ कॉल आला. तिला पडद्यावरचा नारिंगी प्राणी दाखवला, घुशीची गोष्ट सांगितली. "घूस एवढी देखणी कुठली," ती म्हणाली आणि दादाला हाक मारली. दादा चष्मा शोधत आला, फोन अगदी डोळ्यांजवळ धरला. माझ्याशी काही बोललाच नाही.

"कितव्या लेव्हलला आहेस रे?" त्यानं भाच्याला विचारलं.