नारवाच्या पलीकडचा हॅम्लेट

नारवाला उतरलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. टॅलिनपासून तीन तास बसमध्ये बसून मावशीचे पाय आखडले होते. हॉटेलवर सामान टाकून आधी चहा घेऊ म्हटलं, तर ती ऐकेना. "अगं, चहा कुठे पळून जातोय? आधी नदी दाखव मला."

नदीचं नावही नारवाच. अलीकडे एस्टोनिया, पलीकडे रशिया. अलीकडच्या काठावर हर्मन किल्ल्याचा उंच पांढरा बुरूज, आणि बरोबर समोर, पाण्यापलीकडे, इवानगोरोद. करड्या दगडाचे लांबच लांब तट, बुटके, जाडजूड, गोल बुरूज. १४९२ साली तिसऱ्या इवाननं हा किल्ला बांधायला घेतला. दोन देशांचे दोन किल्ले एकमेकांच्या इतके जवळ मी दुसरीकडे कुठे बघितलेले नाहीत. मावशी कठड्याला धरून उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हेच गं ते. एल्सिनोर." म्हणजे डेन्मार्कच्या राजपुत्राचा, हॅम्लेटचा किल्ला.

ग्रिगोरी कोझिन्त्सेवनं १९६४ साली पडद्यावर आणलेला 'हॅम्लेट' मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये, कॉलेजात असताना. मावशीनंच नेलं होतं. तिनं सत्तरच्या दशकात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकायला सुरुवात केली आणि पुढे आयुष्यभर ती भाषा शिकवली. त्या सिनेमाचं काही चित्रीकरण या इवानगोरोदच्या तटांत झालं, आणि बाकीचा एल्सिनोर एस्टोनियाच्याच किनाऱ्यावर, कैला-योआजवळ, प्रचंड सेट लावून उभा केला होता. तो सेट कधीच गेला. किल्ला आहे. हॅम्लेट घोडा फेकत आत येतो आणि त्याच्यामागे तो अवजड पूल सावकाश वर उचलला जातो, प्रकाश कमी कमी होत जातो, ते दृश्य मला त्या वयात नीट कळलंही नव्हतं, पण पोटात खड्डा पडल्याचं आठवतं. डेन्मार्क हा तुरुंग आहे, हे वाक्य पुढे येतं. इथे ते आधी डोळ्यांना दिसतं.

आणि त्या तुरुंगात फिरणारा तो नट. इनोकेन्ती स्मोक्तुनोव्स्की. आमचा हा सगळा प्रवास त्याच्यासाठीच होता.

आपल्याकडे हॅम्लेट म्हटलं की जुन्या माणसांना गणपतराव जोशी आठवायचे. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात असताना हे नाटक मराठीत आणलं, 'विकारविलसित' नावानं, आणि गणपतरावांनी ती भूमिका गाजवली. माझ्या पणजोबांनी ते पाहिलं होतं, असं आमच्या घरात सांगतात. म्हणजे हे नाटक आपल्याला परकं नाही. तरी स्मोक्तुनोव्स्कीचा हॅम्लेट पाहिल्यावर मला वाटलं, हा माणूस आवाज चढवत का नाही? एवढा राग आहे, एवढं दुःख आहे, आणि हा जणू समोरच्या एकट्याशीच बोलतोय. हळू. याचं उत्तर मला फार वर्षांनी, त्याचं आयुष्य वाचताना मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगा ओढत आम्ही तो पूल पायी ओलांडला. एका टोकाला एस्टोनियाचा शिक्का, दुसऱ्या टोकाला रशियाचा. रशियन खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्यानं मावशीला विचारलं, कशासाठी आलात? मावशीनं रशियनमध्ये सांगितलं, स्मोक्तुनोव्स्कीसाठी. त्यानं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं आणि शिक्का मारला. एवढंच. मग पीटर्सबर्गची बस.

त्या बसमध्ये मावशीनं मला त्याची युद्धातली गोष्ट सविस्तर सांगितली. मला ती तुकड्यातुकड्यांत ठाऊक होती.

जन्म १९२५ चा, सैबेरियात, तोम्स्कजवळच्या ततियानोव्का नावाच्या खेड्यातला. खरं आडनाव स्मोक्तुनोविच. घरात उपासमार, म्हणून लहानपणीच क्रास्नोयार्स्कला मावशीकडे पाठवलेला. ("बघ, मावशीच," आमची मावशी म्हणाली.) वडील युद्धावर गेले ते परतलेच नाहीत. १९४३ च्या सुरुवातीला याला सैन्यात घेतलं आणि लष्करी शाळेत घातलं. तिथे शिक्षणाच्या वेळात शेतात उरलेले बटाटे वेचताना सापडला, म्हणून साधा शिपाई करून आघाडीवर धाडला. वय अठरा. कूर्स्कची लढाई, मग दनेपर नदी. भर गोळीबारात ती नदी ओलांडून त्यानं कागदपत्रं पलीकडे पोचवली. डिसेंबर १९४३ मध्ये जर्मनांच्या हाती लागला. महिनाभर कैदेत होता. जानेवारीत कैद्यांचा तांडा बर्फातून हाकत नेत असताना वाटेतल्या एका पुलाखाली लपून राहिला आणि सुटला. एका युक्रेनी खेड्यातल्या कुटुंबानं त्याला, सापडलो तर आपल्याला गोळी घालतील हे माहीत असून, घरात ठेवून घेतलं. बरा झाल्यावर तो आधी गनिमी तुकडीत आणि मग पुन्हा सैन्यात गेला, थेट जर्मनीपर्यंत पोचला.

दनेपरच्या कामगिरीचं शौर्यपदक त्याच्या हातात पडलं ते ४९ वर्षांनी. मॉस्को आर्ट थिएटरच्या रंगमंचावर. तोवर सगळा देश त्याला ओळखत होता.

खरा त्रास युद्ध संपल्यावर सुरू झाला. शत्रूच्या कैदेत राहून आलेल्या माणसाकडे त्या काळात संशयानंच बघत. क्रास्नोयार्स्कच्या नाट्यशाळेत थोडे दिवस काढून तो १९४६ साली नोरिल्स्कला गेला. आर्क्टिक वृत्ताच्या वर, कैद्यांच्या हातांनी उभारलेलं निकेलच्या खाणींचं गाव. तिथल्या थिएटरात पाच वर्षं. याच्यापुढे हद्दपार करायला जागाच उरत नाही म्हणून तिथे गेलो, असं तो पुढे सांगत असे. तिथेच त्याला ग्योर्गी झ्झ्योनोव हा नट भेटला. तो शिक्षा म्हणूनच तिथे आला होता, आणि त्यानंच याला दक्षिणेकडे जा, मोठ्या रंगमंचावर जा, असा आग्रह केला. मग माखाचकला, मग स्टालिनग्राड. १९५५ मध्ये मॉस्कोत आला तेव्हा एकामागून एक थिएटरनं दार लावून घेतलं. वय तिशीचं, नाव नाही, राहायला जागा नाही.

मी खिडकीतून बाहेर बघत होते. बर्चची झाडं पिवळी पडायला लागली होती. मला सारखा तो पूल डोळ्यांसमोर येत होता. सकाळी आम्ही ज्यावरून बॅगा ओढत आलो तो नव्हे. ज्याच्याखाली तो अठरा वर्षांचा पोरगा बर्फात बसून राहिला तो.

पीटर्सबर्गमध्ये आमचं एकच ठिकाण ठरलेलं होतं. फोन्तांका नदीच्या काठी, ६५ नंबर. बोल्शोई ड्रामा थिएटर. लोमोनोसोव पुलावरून चालत गेलो. त्या पुलावर ग्रॅनाइटचे चार मनोरे आणि जाड साखळ्या आहेत, मावशीनं त्यातल्या एकीवर हात ठेवून फोटो काढायला लावला. थिएटरला आता ग्योर्गी तोव्स्तोनोगोवचं नाव आहे. १९५७ मध्ये हाच दिग्दर्शक दोस्तोयेव्स्कीच्या कादंबरीवरचं 'इडियट' बसवत होता आणि त्याला त्यातला नायक, प्रिन्स मिश्किन, मिळत नव्हता. स्टालिनग्राडच्या लढाईवरच्या 'सोल्जर्स' या सिनेमात त्यानं स्मोक्तुनोव्स्कीचे डोळे पाहिले होते. तेच त्याच्या डोक्यात बसले.

तालमी मात्र भयंकर झाल्या. स्मोक्तुनोव्स्कीला भूमिका सापडेना. सोबतचे नट कंटाळले. मग एक दिवस लेनफिल्म स्टुडिओत, सगळी धावपळ चालू असताना, मधोमध एक माणूस उभा राहून पुस्तक वाचताना त्याला दिसला. आजूबाजूच्या गोंगाटाचा त्या माणसावर काही परिणामच नव्हता. तो पुष्कळ वर्षं छावण्यांत कैद भोगून आलेला माणूस होता, हे नंतर कळलं. स्मोक्तुनोव्स्कीला मिश्किन सापडला तो त्याच्या उभं राहण्यात.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दोस्तोयेव्स्कीचा तो निष्पाप, दुसऱ्याचं दुःख पाहून विरघळणारा राजपुत्र एका कैद भोगलेल्या माणसानं दुसऱ्या कैद भोगलेल्या माणसाकडून उचलला. त्या मऊ आवाजाला मी इतकी वर्षं स्वभाव समजत होते. तो स्वभाव नव्हता. आरडाओरडा करणारी माणसं त्यानं हवी तेवढी पाहिली होती, आणि त्यांच्यासारखं बोलायचं नाही, हे त्यानं स्वतःशी कधीतरी ठरवलं असणार, असं मला वाटतं.

३१ डिसेंबर १९५७ ला पहिला प्रयोग झाला. माणसं दुसऱ्या गावांहून गाड्या करून यायला लागली.

आम्ही रात्रीच्या प्रयोगाची तिकिटं काढली होती. नाटक दुसरंच होतं. मध्यंतरात कोट ठेवायच्या खोलीपाशी मावशी तिथल्या एका वयस्क बाईंशी बोलायला लागली. त्यांनी गळ्यात चष्मा अडकवला होता आणि हातात कोटांच्या नंबरांचे बिल्ले होते. मिश्किनचं नाव निघताच त्यांनी बिल्ले टेबलावर ठेवले. त्या स्वतः तेव्हा अगदी लहान होत्या, पण त्यांच्या आईनं तो प्रयोग उभं राहून पाहिला होता. "आई घरी आली," मावशी मला मराठीत सांगत गेली, "आणि कोट न काढताच स्वयंपाकघरात बसली. बाबा विचारतायत, कसं होतं? ही काहीच बोलेना. शेवटी म्हणाली, आपण एकमेकांशी किती वाईट बोलतो." त्या बाईंचे डोळे भरून आले होते. मावशीचेही. तिसरी घंटा झाली तेव्हा त्यांनीच आम्हाला आत पिटाळलं.

१९६० मध्ये स्मोक्तुनोव्स्कीनं हे थिएटर सोडलं आणि सिनेमाकडे वळला. मिखाईल रोमच्या 'नाइन डेज ऑफ वन इयर'मध्ये अणुशास्त्रज्ञ झाला, आणि मग 'हॅम्लेट'. पास्तरनाकचं भाषांतर, शोस्ताकोविचचं संगीत. शूटिंगच्या वेळी कोझिन्त्सेवचं आणि त्याचं जमत नव्हतं, खटके उडत होते. तरी पडद्यावर जे आलं ते आलं. बासरीचा प्रसंग घ्या. राजानं पाठवलेले दोन मित्र याच्या मनातलं काढून घ्यायला आलेत. हा त्यांच्यापुढे बासरी धरतो, वाजव म्हणतो. येत नाही म्हणतात. मग हा सांगतो, माझ्यावर मात्र तुम्हाला सूर काढता येतील असं वाटलं तुम्हाला? कॉलेजात मला हा प्रसंग हुशारीचा वाटला होता. पीटर्सबर्गच्या हॉटेलात त्या रात्री आम्ही तो मावशीच्या टॅबवर पुन्हा लावला. तो ओरडत नाही. बासरी हातात, चेहरा स्थिर, शब्द एकेक करून ठेवतो. चौकशीला बसलेल्या माणसापुढे कसं बसायचं हे ज्याला माहीत आहे, त्याचा तो आवाज आहे. मावशीनं तो तीनदा मागे नेला.

१९६५ मध्ये त्याला लेनिन पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी एल्दार र्‍याझानोवच्या 'बिवेअर ऑफ द कार'मध्ये तो देतोच्किन झाला. लबाडांच्या मोटारी चोरून ते पैसे अनाथाश्रमांना पाठवणारा विमा एजंट. आणि हा देतोच्किन हौशी नाटकमंडळीत काय करतो, तर हॅम्लेट! रशियन माणसं आजही स्मोक्तुनोव्स्की म्हटलं की हॅम्लेटच्या आधी देतोच्किनवर येतात. टॅक्सीवाला, पोळ्यांच्या दुकानातली मुलगी, सगळे त्याच्यावरच बोलले.

पीटर्सबर्गहून मॉस्कोला सापसान गाडीनं चार तास लागले. तिथे माली थिएटर बाहेरूनच पाहिलं. दारात नाटककार ओस्त्रोव्स्कीचा खुर्चीत बसलेला पुतळा आहे. इथे १९७३ मध्ये स्मोक्तुनोव्स्कीनं झार फ्योदर केला, दयाळू, कुणावर अन्याय करू न शकणारा आणि म्हणूनच राज्य हातातून निसटलेला राजा. ते पाहायला मिळालेल्या माणसांचा मला हेवा वाटतो. १९७६ पासून तो मॉस्को आर्ट थिएटरमध्ये, ओलेग येफ्रेमोवकडे, चेखवच्या इवानोवसाठी. तारकोव्स्कीच्या 'मिरर'मध्ये तो दिसतच नाही, निवेदकाचा फक्त आवाज त्याचा आहे. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला दिसण्याची गरज भासत नाही.

३ ऑगस्ट १९९४ ला तो गेला. नोवोदेविची स्मशानभूमीत आहे.

स्पोर्तिव्नाया मेट्रोतून बाहेर पडल्यावर मावशीनं फुलं घेतली. विकणाऱ्या बाईनं पाच काढली, मावशीनं चारच मागितली. गेलेल्या माणसाला तिकडे सम संख्येत फुलं वाहतात. बाईनं चार देऊन उरलेलं एक परत बादलीत ठेवलं.

आत झाडांखाली ओली पानं पडली होती. जागा शोधायला आम्हाला पाऊण तास लागला. सापडल्यावर मावशी खाली वाकली, आणि नावावर चिकटलेली दोन पानं तिनं बोटांनी सोडवली. "वाच," मला म्हणाली. मी त्या प्रवासात अक्षरं ओळखायला शिकले होते. एकेक अक्षर लावत मी मोठ्यानं वाचत गेले, मधे अडखळले तिथे तिनं सांगितलं. मग तिनं फुलं ठेवली.