आमची वाटचाल: पुली फेकायची नसते, बेअरिंग बदलायचे असते

अलिबाग-रेवस रस्त्यावर चोंढीच्या अलीकडे पत्र्याची शेड दिसते ती आमची. वडिलांच्या काळात इथे विहिरीवरचे पंप आणि भात झोडायची मशिने यायची. पुढे किहीम, आवास, सासवणे पट्ट्यात मुंबईकरांचे बंगले झाले, बंगल्यांपुढे लॉन आली आणि लॉनचे गवत कापायला वर बसून चालवायचे ट्रॅक्टर आले. बहुतेक अमेरिकन बनावटीचे, म्हणजे माप इंचात. तिथून आमचे खरे काम सुरू झाले.

ज्यांच्याकडे असा ट्रॅक्टर आहे त्यांना डेकखालचा, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणाखालचा, आवाज सांगायला नको. पाती लावली की आधी बारीक चिरका सूर, मग रबर जळल्याचा वास, मग पाती फिरवणारा पट्टा उतरतो. माळी पट्टा बदलतो, महिन्याभरात तोही जातो. दोष पट्ट्याचा नसतोच. पट्टा ताणून धरणाऱ्या आयडलर पुलीचे बेअरिंग गेलेले असते. आयडलर इंजिनच्या पुलीपेक्षा लहान, म्हणून इंजिनाच्या तीन हजार फेऱ्या होतात तेव्हा तो त्याहून जास्त फिरतो, आणि स्प्रिंगचा ताण सतत एकाच बाजूने. पट्टा काढा, पुली बोटाने फिरवा. चांगली असेल तर ग्रीसच्या जोरावर संथ फिरून थांबते. गेलेली असेल तर रेती भरडल्यासारखा आवाज येतो.

आमच्या किनाऱ्यावर बेअरिंगे चालून कमी आणि उभी राहून जास्त जातात. मालक शनिवार-रविवारी येणार, मशीन आठवडाभर शेडमध्ये, हवेत खार. छर्रे जिथे टेकून राहतात तिथेच रिंगेवर गंजाचे ठिपके पडतात. सगळे ठिपके सारख्या अंतरावर. उघडलेली रिंग खिडकीशी धरून मी गिऱ्हाइकाला ते मुद्दाम दाखवतो. भरीला जांभ्याची लाल धूळ.

हे सगळे मला काकांनी शिकवले. काका थळच्या खत कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून आमच्याकडे येऊ लागले आणि पुढे फंडातले पैसे घालून भागीदार झाले. त्या पैशांतून हाताने पंप मारायचा हायड्रॉलिक प्रेस घेतला. मला मोटरवर चालणारा हवा होता. काका म्हणाले, "हाताला दाब कळला पाहिजे रे. बेअरिंग तिरके जायला लागले की हँडल आधी सांगते." प्रेसखाली लावायचे गोल ठोकळे त्यांनी स्वतः लेथवर काढले, प्रत्येक मापाचा वेगळा, आणि लाकडी पेटीत उतरत्या क्रमाने मांडले. ती पेटी आजही तशीच आहे. तिला हात लावायच्या आधी हात पुसायचे, हा शेडचा नियम.

कंपनीच्या लेखी आयडलर दुरुस्त होत नाही. दोन पत्र्यांच्या वाट्या जोडून मधे बेअरिंग दाबलेले असते; खराब झाले की आख्खी पुली नवी घ्या. आम्ही हबला, म्हणजे पुलीच्या मधल्या भागाला, खालून आधार देऊन जुने बेअरिंग दाबून काढतो, बैठक साफ करतो, व्हर्नियरने माप घेतो आणि नवे दाबतो. रिबिटवाली असेल तर रिबिटे ड्रिल करून बोल्ट घालतो. आत बहुतेक वेळा ६२०३ नंबरचे बेअरिंग असते: भोक १७, बाहेरून ४०, जाडी १२ मिलिमीटर. पण काही मशिनांत शाफ्ट पाच सुती, म्हणजे ५/८ इंच, १५.८७५ मिलिमीटर. तिथे भोकच पाच सुती असलेले बेअरिंग लागते. ते मुंबईत नागदेवीच्या बाजारात शोधावे लागते, आणि आम्ही शोधून साठा करून ठेवला होता.

मग हायवेवर मशिनांच्या पार्टचे, पुढे काचा लावलेले दुकान उघडले. नाव लिहीत नाही. इथल्या लोकांना ठाऊक आहे. त्यांनी आमच्या एकेका गिऱ्हाइकाला गाठून सांगितले की हे लोक ठोकाठोकी करतात, अशी दुरुस्त केलेली पुली फुटून माणूस जखमी होईल. आमच्या शेडमध्ये बेअरिंगला हातोडा कधी लागलेला नाही. ते स्वतः नवी पुली विकायचे, आणि नवी नसली की पाच सुती शाफ्टवर साधे १७ चे बेअरिंग चढवून मधल्या मिलिमीटरहून थोड्या जास्त फरकाच्या फटीत पत्र्याची पट्टी गुंडाळून द्यायचे. पट्टी चुरून शाफ्ट खाल्ला गेला की नवा शाफ्टही त्यांच्याकडूनच. असे खाल्लेले शाफ्ट मी फळीवर मांडून ठेवले आहेत, कोणीही येऊन बघावे. आमच्याकडे शिकून तयार झालेला मुलगाही त्यांनी नेला. सगळ्यात मोठ्या बंगला-वसाहतीचे वर्षाचे काम गेले. त्या पावसाळ्यात कर्जाचा हप्ता थकला आणि शेवटी लेथ विकायला काढला. गिऱ्हाईक येऊन इसारही देऊन गेले. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

लेथ न्यायला ट्रक यायचा होता, त्याआधी लॉकडाऊन लागला. आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ. आमचे अर्धे पत्रे उडाले, गावातल्या वाड्या आडव्या झाल्या. वीज किती दिवस नव्हती ते रायगडकरांना सांगायला नको. लॉनवर फांद्यांचा खच, घाईत मशिने घातली गेली आणि डेकच्या पुल्या धडाधड जायला लागल्या. मुंबईहून माल येत नव्हता. काचेच्या दुकानात नव्या पुल्याच नव्हत्या. आमच्याकडे साठा होता आणि प्रेसला वीज लागत नव्हती. ताडपत्रीखाली काका आणि मी दिवस मावळेपर्यंत बेअरिंगे दाबत होतो. इसार परत केला. लेथ जागेवरच राहिला.

त्या वाईट काळात एक माणूस हलला नाही, आवासच्या एका वाडीवरचे माळीदादा. मालकाने काचेच्या दुकानात जायला सांगितले तर म्हणाले, "शेठ, मशीन मी चालवतो. आवाज मला ऐकू येतो." गोणपाटात पुली गुंडाळून एसटीने यायचे. सोबत बोल्ट, वायसर, मधला बुश (बोल्टवर बसणारी छोटी नळी), सगळे काढले त्या क्रमाने तारेत ओवलेले. असे आणणारे गिऱ्हाईक मी दुसरे पाहिले नाही, आणि सगळ्यांनी तसेच आणावे. बुश राहिला तर बेअरिंग कितीही चांगले असो, बोल्ट आवळला की जाम होते.

आणखी एक. गरम डेकवर पाण्याचा फवारा मारू नका. बेअरिंग एकदम गार होते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढते. आधी गार होऊ द्या, ब्रशने गवत झाडा. मशीन वापरायचे नसले तरी आठवड्यातून दोनदा पाती लावून पाच मिनिटे फिरवा. बेअरिंग घेताना दोन्हीकडे रबर सील असलेले मागा, नुसत्या पत्र्याच्या झाकणाचे आपल्या हवेत टिकत नाही. स्वतः बसवणार असाल तर पुलीत बसवताना दाब बाहेरच्या रिंगेवर द्या, शाफ्टवर बसवताना आतल्या.

काकांचे डोळे आता साथ देत नाहीत, पण ते रोज येतात आणि तयार पुली त्यांच्या बोटाखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही. काचेचे दुकान अजून आहे. तिथल्या पाच सुती पुल्या हल्ली माळ्यांच्या हाती आमच्याकडे येतात. आम्ही करून देतो, दर सगळ्यांना तोच.

गणपतीच्या आधी सगळ्यांना एकदम लॉन हवी असते. पुली चतुर्थीच्या आठवडाभर आधी पोहोचवा. त्यानंतर आलेली विसर्जनानंतरच मिळेल.