पाठीतलं पाणी, मुक्काम कंपाला

फेलोशिपचं पत्र आलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न "तिकडे जेवायला काय मिळतं गं" आणि दुसरा "तुला काही होणार नाही ना". मिरजेला एमडी करताना तीन वर्षं मी एआरटीचेच, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवरचेच पेशंट बघत होते, तेव्हा हिला काही वाटलं नव्हतं, पण युगांडा म्हटल्यावर एकदम सगळं गंभीर. शेवटी यलो फिव्हरच्या लसीचं पिवळं कार्ड दाखवून तिची समजूत काढली, जसं काही त्या एका सुईत सगळ्यावरच इलाज होता.

जेवणाचं म्हणाल तर मजेत गेलं. रस्त्यावर चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात, त्याला रोलेक्स म्हणतात (रोल्ड एग्जचं रोलेक्स झालंय), आणि फणसाला फेने! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भाजीवालीसमोर उभी राहून हसत होते, तिला कळेना या मुयिंदीला झालंय काय. मुयिंदी म्हणजे भारतीय.

तर काम. कंपालातल्या मुलागो टेकडीवर एचआयव्हीचं क्लिनिक आणि बाजूलाच मोठं सरकारी हॉस्पिटल, छपरावर ते टकले, कोट घातल्यासारखे दिसणारे मराबू करकोचे. माझा विषय क्रिप्टोकॉकल मेनिन्जायटिस, म्हणजे क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज. ही बुरशी मातीत, कबुतरांच्या विष्ठेत असते, श्वासातून आपल्या सगळ्यांच्याच आत जाते आणि काही करत नाही, पण सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, एचआयव्हीत तो घटतो) १०० च्या खाली घसरला की मेंदूच्या आवरणात घर करते. तिच्याभोवती चिकट आवरण असतं, त्याने मेंदूतल्या पाण्याचा निचरा तुंबतो, दाब वाढतो, डोकं असं ठणकतं की माणूस भिंतीवर आपटून घेतो. निदानाला आणि दाब उतरवायला रस्ता एकच, लंबर पंक्चर. आपल्याकडच्या भाषेत पाठीतलं पाणी काढणं.

आणि इथेच माझी विकेट पडली.

मला वाटलं होतं फेलोशिप म्हणजे डेटा, आकडेमोड, झालंच तर एखादा पेपर, पण पहिले दोन महिने मी फक्त नकार ऐकले. "पाणी काढलं की माणूस मरतो." अगदी हेच वाक्य मी मिरजेला ऐकलं होतं, तिथे कवठेमहांकाळचा मामा म्हणायचा, इथे मसाका गावची मावशी. मिरजेत मी त्याला अडाणीपणा म्हणून मोकळी व्हायचे. इथे नकाराची कारणं लिहून घेणं हाच माझ्या कामाचा भाग होता, त्यामुळे बसून ऐकावं लागलं, आणि ऐकलं तर हिशोब त्यांचा बरोबरच होता की! डोकं दुखायला लागलं की आधी मलेरियाच्या गोळ्या, मग टायफॉइडच्या, मग चर्चमध्ये प्रार्थना, दोन-तीन आठवडे असेच जातात, शुद्ध हरपायला लागल्यावर इथे आणतात, आम्ही सुई घालतो आणि दोन दिवसांनी तो जातो. शेजारच्या खाटेखाली चटई टाकून बसलेल्या बाईने काय पाहिलं? सुई, आणि मग मरण. तिने दुसरा काय निष्कर्ष काढायचा?

माझं समजावणं म्हणजे कन्सेंट फॉर्म. तो इंग्रजीतून लुगांडात, म्हणजे इथल्या भाषेत जातो, मग दुसरा कोणीतरी तो परत इंग्रजीत आणतो, अर्थ टिकलाय का बघायला, इतकी काळजी घेऊन बनवलेला कागद मी दुभाष्याला घेऊन पानंच्या पानं वाचून दाखवायचे आणि समोरचा माणूस नम्रपणे ऐकून नाही म्हणायचा. आमच्या एक सीनियर नर्स होत्या, त्या कागद बाजूला ठेवून आधी विचारायच्या, कधीपासून दुखतंय, झोप लागली का, घरी कोण आहे, आणि मग बऱ्याच वेळाने पाण्याचा विषय. मला म्हणायच्या, "मुसावो, म्पोला म्पोला." डॉक्टर, हळूहळू.

घाई महागात पडते हे याच हॉस्पिटलात आणि केपटाऊनला झालेल्या एका ट्रायलनेही दाखवलंय, २०१४ साली छापून आलेली. मेनिन्जायटिस असताना एआरटी एक-दोन आठवड्यांत सुरू केलेल्यांपैकी ४५ टक्के सहा महिन्यांत गेले, पाच आठवडे थांबलेल्यांपैकी ३० टक्के. एआरटी जितकी लवकर तितकी बरी असं पाठ केलेल्या आम्हा लोकांना हे पचायला जड जातं. औषधाची बाजू मात्र सुधारलीय. मिरजेला आम्ही साधं अँफोटेरिसिन, हे बुरशीवरचं औषध, रोज शिरेतून चढवायचो, थंडी वाजायची, पोटॅशियम पडायचं, क्रिएटिनिन वाढायचं म्हणजे किडनीला त्रास, त्याला अँफोटेरिबल म्हणायचो. २०२२ पासून डब्ल्यूएचओ सांगतं लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कणांत बांधलेल्या, कमी त्रासाच्या) अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस, किलोला १० मिलिग्रॅम, आणि १४ दिवस फ्लुसायटोसिन-फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्याच औषधांच्या गोळ्या. फ्लुसायटोसिन मी तोवर फक्त पुस्तकात बघितलं होतं.

एक बोडावाला पेशंट आठवतो, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी चालवणारा. बहीण चार वेळा नाही म्हणाली, पाचव्यांदा तो स्वतःच म्हणाला करा काय करायचं ते. मॅनोमीटरमधलं, म्हणजे दाब मोजायच्या उभ्या नळीतलं पाणी चढत चढत नळीच्या वरच्या टोकाला पोचलं, नॉर्मल २० सेंटिमीटरच्या आत असतं, इथे नळी संपली. सावकाश पाणी काढलं. अर्ध्या तासाने तो उठून बसला आणि चहा मागितला. बहीण माझ्याकडे न बघता नर्सबाईंकडे बघत होती.

दाब पुन्हा चढतो, त्यामुळे पाणी पुन्हा काढावं लागतं. दुसऱ्या दिवशी मी राउंडला उशिरा पोचले, तर हा कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन आधीच तयार, आणि बाजूच्या खाटेवरच्या नवीन माणसाला लुगांडात काहीतरी समजावत होता. दुभाष्याला विचारलं काय म्हणतोय. "म्हणतोय, ही मुयिंदी बोलते फार, पण पाणी चांगलं काढते."