उठण्याची वेळ आधी, बाकी सगळं नंतर

थकवा हा माझा स्वभावच आहे, असं घरातल्या सगळ्यांनी धरलं होतं आणि हळूहळू मीही धरून चालले होते. सकाळी अंग जड, दुपारी डोळे मिटायला लागलेले आणि रात्री बारा वाजता मात्र मी टक्क जागी. सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळून झोपेची थकबाकी फेडायची आणि सोमवारी पुन्हा तेच रडगाणं. शेवटी ताई फोनवर म्हणाली, "अगं, तुझी तक्रार मला आता तोंडपाठ झालीये. आधी डॉक्टरांकडे जाऊन ये, मग बाकीचं बोलू."

ती वेळेवर बोलली, कारण माझ्या डोक्यात तोवर ध्यान, डायरी, पहाटेचा व्यायाम अशी भलीमोठी यादी तयार होती. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, साखर अशा तपासण्या करायला सांगितल्या. मी घोरते का, हेही विचारलं. सतत थकवा असेल तर त्यामागे रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, मधुमेह, नैराश्य किंवा झोपेत श्वास अडखळणं यांतलं काहीही असू शकतं आणि तसं असेल तर आखीव दिनक्रमाने ते बरं होत नाही. माझे रिपोर्ट नॉर्मल आले. जराशी निराशाच झाली म्हणा ना. एखाद्या गोळीवर भागलं असतं तर कोणाला नको होतं!

डॉक्टरांनी एक छोटी प्रश्नावलीही भरून घेतली. जागतिक आरोग्य संघटनेची ही प्रश्नावली १९९८पासून वापरात आहे आणि तिच्यात पाचच विधानं आहेत. गेल्या दोन आठवड्यांत मी आनंदी होते का, शांत होते का, उत्साही होते का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसभरात मला रस वाटेल असं काही होतं का. प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरजेला ४ने गुणायचं. १००पैकी ५०च्या खाली आकडा आला, तर नैराश्याच्या दृष्टीने नीट तपासून घ्यावं असा संकेत आहे. मी त्या रेषेच्या वर होते, पण ताजंतवानं उठण्यापुढे भलामोठा शून्य. बाकीचे गुण बऱ्यापैकी. मग ध्यान-डायरीची यादी बाजूला ठेवली आणि झोपेपासून सुरुवात केली. म्हणजे खरं तर उठण्यापासून.

झोप लागणं आपल्या हातात नसतं, उठणं असतं. मेंदूतलं मुख्य घड्याळ डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावर लागतं. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं ते शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांना २०१७चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. बहुतेकांचं हे घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं, म्हणून सकाळचा उजेड मिळाला नाही तर ते मागे पडत जातं. दुसरीकडे आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढवतं. रविवारी साडेनऊला उठल्यावर रात्री साडेदहाला ती ओढ कुठून येणार? माझा सोमवार रविवारीच बिघडत होता.

म्हणून एकच नियम ठरवला. रात्र कशीही गेली, तरी उठायचं ठरल्या वेळी, सुट्टीलासुद्धा, आणि उठल्यावर काही वेळ घराबाहेर उजेडात उभं राहायचं. घरात दिव्याखाली काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. बाहेर ढगाळ दिवशीही तो हजारांत जातो, त्यामुळे खिडकीआड बसून तेवढं साधत नाही.

सुरुवातीचे आठवडे वाईट गेले, हे आधीच सांगून ठेवते, कारण बरेच जण इथेच सोडतात. झोप पूर्वीपेक्षा कमी मिळत होती आणि दुपारी डुलक्या अनावर होत होत्या. रात्री मात्र तरीही कूस बदलत पडायचे. त्यावर रिचर्ड बूट्झिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२मध्ये मांडलेली एक पद्धत कामाला आली. निद्रानाशाच्या उपचारांत ती आजही वापरतात. पलंग फक्त झोपेसाठी ठेवायचा. बराच वेळ झोप आली नाही तर सरळ उठायचं, दुसरीकडे जाऊन बसायचं आणि डोळे पेंगायला लागले की परत यायचं. घड्याळ बघायचं नाही. मी ते कपाटात टाकलं. मंद दिव्याखाली बसून बटणांचा डबा काढायचे. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे, मग रंग, मग आकार. कामात अर्थ काही नव्हता, म्हणूनच ते बरोबर होतं. मोबाईल हातात घेतला असता तर पहाट झाली असती. शर्टाची पांढरी बटणं एकसारखी दिसतात पण नसतात, काही दुधाळ असतात, काहींना निळसर झाक असते. हे लक्षात यायच्या सुमारास बहुधा जांभई यायची.

चहा-कॉफीचं प्रकरण सोपं वाटलं होतं, पण त्यानेच दमवलं. कॅफीन अॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, त्यामुळे ओढ साठलेली असली तरी जाणवत नाही. शरीरातलं निम्मं कॅफीन जायलाच साधारण पाच तास लागतात, गरोदरपणात किंवा काही गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना आणखी जास्त. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कपातलं निम्मं रात्री दहाला अंगातच असतं. ते एका फटक्यात तोडू नये, कपाळ दुखायला लागतं आणि ही डोकेदुखी आठवडाभरही टिकू शकते. मी संध्याकाळचा कप आधी अर्धा केला, मग दुपारकडे सरकवला, मग सोडला. सकाळचा कोणी मागू नये, तो मी देणार नाही.

झोपायच्या आधी एक कागद लिहायची सवय लागली. दिवस कसा गेला, मनात काय आहे, असलं नाही. उद्याची कामं, तीही नेमकी. "बँकेचं बघायचं" असं नाही, "पासबुक घेऊन जायचं, नाव दुरुस्तीचा अर्ज द्यायचा" असं. २०१८मध्ये झोपेचे अभ्यासक मायकल स्कलिन यांच्या गटाने ५७ तरुणांवर हे करून पाहिलं होतं. पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, त्या दिवशी झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितका फायदा जास्त. नऊ मिनिटं ऐकायला काहीच नाहीत. रात्री छताकडे बघत घालवून बघा.

या सगळ्याच्या आड एक गोष्ट येत होती आणि तिला कुठलीही सवय पुरणार नव्हती. ऑफिसचे मेसेज रात्री अकरालाही येत. मी पाच मिनिटांत उत्तर देत असे, म्हणून आणखी येत. एके दिवशी धीर करून साहेबांना म्हटलं, "सर, रात्री नऊनंतरचे मेसेज मी सकाळी आल्यावर बघेन. तातडीचं असेल तर फोन करा." ते म्हणाले, "हो, चालेल की." झालं! यासाठी मी कित्येक महिने वाक्यं जुळवत होते. सगळीकडे हे इतक्या सहज होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण दिवसाचे बारा तास कामात घालवणाऱ्याला सुगंधी मेणबत्ती लावायचा सल्ला देणं मला थट्टा वाटते.

सवय २१ दिवसांत लागते हे तुम्हीही ऐकलं असेल. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६०मधल्या निरीक्षणात सापडतं. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान २१ दिवस लागतात, असं त्याने लिहिलं होतं. 'निदान' पुढे गळून पडलं. संशोधक फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात सवय लागायला सरासरी ६६ दिवस निघाले आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. त्यात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हे, की मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नव्हतं. माझा खाक्या असा की एक दिवस हुकला की सगळंच "आता सोमवारपासून". ताई तर मला 'सोमवारवाली' म्हणते. आता हुकलं तर दुसऱ्या दिवशी, वार बघायचा नाही. आणि प्रत्येक गोष्टीची एक किरकोळ आवृत्ती ठरवून ठेवलीये. चालायला जमलं नाही तर जिना वर-खाली, यादी जमली नाही तर एकच काम लिहायचं. तापात पडले तर तेही नाही.

चालणं असंच, फोनच्या आधाराने रुजलं. ताईचा फोन आला की चपला घालायच्या. त्यामुळे बोलणंही होतं आणि पायही मोकळे होतात. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पूर्वी सलग दहा मिनिटांच्या आतलं मोजत नसत, २०२०च्या शिफारशींत ती अट गेली. ताकदीचा व्यायाम एक दिवस होतो, दुसरा अजून होत नाही. ध्यान सोडून दिलं, मला डोळे मिटले की हिशेब दिसतात. 'आज कशाकशाबद्दल कृतज्ञ आहे' ती वहीही गृहपाठासारखी वाटायला लागली, तीही बंद.

प्रश्नावलीतला ताजंतवानं उठण्यापुढचा शून्य पुढे तीनवर गेला आणि बरेच दिवस तिथेच आहे. मला तो चालतो.

हे सगळं ऐकून पाळ्यांमध्ये काम करणारी मैत्रीण म्हणाली, "तुझं बरं आहे गं, माझी उठायची वेळ दर आठवड्याला बदलते." खरं आहे, माझा पहिला नियम तिला लागूच होत नाही. अंगावर पिणारं बाळ घरात असलेल्यांनाही नाही. तिने दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. रात्रपाळीच्या उत्तरार्धात कॉफी बंद, सकाळी रिक्षाने घरी येताना काळा चष्मा, खोलीला जाड पडदे आणि घरच्यांना सक्त ताकीद, की दुपारी दोनपर्यंत दार वाजवायचं नाही. पडदे आणि चष्मा जमले. ताकीद अजून कोणी पाळत नाही.