ओडेन्समधील डिसेंबर आणि विणलेली कागदी हृदये

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथे, डेन्मार्कच्या फ्यून बेटावरील ओडेन्स शहरात, सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेचारनंतर मावळतो. या सात तासांतही तो दिसेलच असे नाही, कारण आकाश बहुतेक वेळा राखाडी ढगांनी भरलेले असते. नाताळची चित्रे पाहून आपल्याकडे समज होतो तसा बर्फही इथे फारसा पडत नाही. असतो तो पाऊस, अंगात शिरणारा ओला वारा आणि शून्याच्या जरा वर रेंगाळणारा पारा. या देशातील लोकांना घराचे इतके वेड का आहे, हे समजून घ्यायचे असेल तर आधी हा अंधार समजून घ्यावा लागतो.

आम्ही इथे आलो त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मुलीला शाळेतून घरी आणताना वाटेतल्या खिडक्या पाहत चालणे हा आमचा नित्यक्रम झाला होता. इथे पुष्कळ घरांच्या खिडक्यांना संध्याकाळीही पडदे ओढलेले नसतात. खिडकीच्या फळीवर मेणबत्त्या किंवा छोटे दिवे, काचेवर टांगलेले कागदी तारे आणि आत टेबलाभोवती बसलेली माणसे, असे दृश्य घरामागून घर दिसत जाते. खिडकीतल्या ज्योतीला इथे आणखीही एक अर्थ आहे. ४ मे १९४५ च्या संध्याकाळी, डेन्मार्क ताब्यात ठेवणाऱ्या जर्मन सैन्याच्या शरणागतीची बातमी रेडिओवरून आली, तेव्हा युद्धातील सक्तीच्या अंधारासाठी पाच वर्षे खिडक्या झाकणारे काळे पडदे लोकांनी खाली ओढले आणि त्या जागी मेणबत्त्या लावल्या. आजही दर ४ मे रोजी अनेक घरांत तशा मेणबत्त्या लागतात. हे कळल्यापासून मला डिसेंबरमधल्या खिडक्याही नुसत्या सजावटीच्या वाटत नाहीत.

मात्र त्या पहिल्या वर्षी ते दृश्य पाहताना मला घरची आठवण येऊन रडू यायचे. प्रकाश रस्त्यावर पडत होता, पण दार बंद होते. ‘ह्युगे’ हा डॅनिश शब्द आता आपल्याकडच्या पुरवण्यांमधूनही पोहोचला आहे. मूळचा नॉर्वेजियन असलेला हा शब्द आपल्या माणसांबरोबर निवांत, सुरक्षित आणि उबदार असण्याच्या अवस्थेला वापरतात. त्यावर लिहिणारे लोकरीचे मोजे आणि मेणबत्त्यांविषयी बरेच सांगतात. ह्युगे हे एक वर्तुळ असते आणि बाहेरून येणाऱ्याला त्यात जागा मिळायला वेळ लागतो, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. इथली माणसे तुसडी नाहीत. त्यांच्या मैत्र्या शाळेपासूनच्या असतात, नाताळ कुठे आणि कोणाबरोबर करायचा याचे हिशेब कुटुंबात महिनोन्महिने आधी ठरलेले असतात आणि न सांगता कोणाच्या घरी जाण्याची रीत नाही, इतकेच.

घरातील उबेबद्दल आधी सांगते, कारण त्यामागची व्यवस्था मला फार मोलाची वाटते. आमच्या इमारतीत बॉयलर नाही, शेगडी नाही. रस्त्याखालून गेलेल्या जाड, वेष्टित नळांमधून गरम पाणी येते, आपली उष्णता घरातल्या रेडिएटरांना देते आणि गार होऊन परत जाते. या योजनेला डॅनिशमध्ये ‘फिएर्नवार्मे’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘दूरची ऊब’. तिची सुरुवात १९०३ मध्ये कोपनहेगनलगतच्या फ्रेडरिक्सबर्ग येथे झाली. तिथे कचरा जाळून निर्माण होणारी उष्णता रुग्णालयासारख्या संस्थांना पुरवली जाऊ लागली. १९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी हा देश जवळजवळ संपूर्णपणे आयात तेलावर अवलंबून होता. त्या हिवाळ्यात रविवारी खासगी मोटारी चालवण्यावर बंदी आली, आणि ती थंडी अनुभवलेली पिढी आजही रिकाम्या खोलीतला दिवा चालू दिसला की उठून बंद करते. पुढे १९७९ मध्ये घरांच्या उष्णतापुरवठ्याचा स्वतंत्र कायदा झाला, आणि आज देशातील सुमारे दोनतृतीयांश घरे अशा सामायिक नळांवर चालतात. ओडेन्सच्या जाळ्यात तर फेसबुकच्या डेटा सेंटरमधील यंत्रांची उष्णताही मिसळते. आईशी व्हिडिओवर बोलताना पाय रेडिएटरला टेकवून बसले की मला हे हमखास आठवते.

रेडिएटरच्या चकतीवर एक ते पाच आकडे असतात. तीनवर ठेवले की खोली साधारण वीस-एकवीस अंशांवर राहते आणि तेवढे पुरते. त्याबरोबर एक शिस्तही पाळावी लागते. भर थंडीतही दिवसातून दोन-तीन वेळा सगळ्या खिडक्या दहा मिनिटे सताड उघडायच्या, कारण स्वयंपाकाची वाफ, वाळत घातलेले कपडे आणि मेणबत्त्यांचा धूर कोंडून राहिला तर भिंतींना बुरशी धरते आणि श्वासालाही ते बरे नसते. आरंभी मला हा उबेचा अपव्यय वाटे. आता गार हवेचा झोत आत येऊन गेल्यावर, खिडकी पुन्हा लावताना, खोली नव्याने उबदार झाल्यासारखी वाटते.

प्रकाशाचेही असेच आहे. छताच्या मधोमध एक झगझगीत ट्यूब लावून खोली उजळायची, ही आपली सवय. इथे खोलीत चार-पाच छोटे दिवे वेगवेगळ्या कोपऱ्यांत आणि बरेच खाली लावलेले असतात. पॉल हेनिंग्सन या डॅनिश रचनाकाराने १९२० च्या दशकात एकावर एक झाकणे (शेड) असलेला दिवा तयार केला, त्यामागचा विचार हाच होता की उघडा बल्ब डोळ्यांना टोचू नये आणि प्रकाश टेबलावर अलगद उतरावा. दिवा खाली आला की माणसेही त्याच्याभोवती जवळ सरकतात. हे मी आमच्याच जेवणाच्या टेबलाभोवती पाहिले आहे.

डिसेंबरची पहिली तारीख उजाडली की घरोघरी कॅलेंडरची मेणबत्ती लागते. तिच्या अंगावर एक ते चोवीस आकडे वरून खाली छापलेले असतात आणि दररोज फक्त त्या दिवसाच्या आकड्याएवढाच भाग जळू द्यायचा असतो. त्यामुळे ती लावून कोणी दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही. सकाळच्या न्याहारीला किंवा संध्याकाळी, वीस मिनिटे का होईना, कोणीतरी तिच्यापाशी बसावेच लागते आणि एक जण बसला की दुसराही येतो. या साध्या मेणबत्तीने आमच्या घराला सकाळी एकत्र बसायची सवय लावली. माझे यजमान फोन बाजूला ठेवून बसतात, मुलगी डोळे चोळत आकडा मोजते आणि बाहेर पूर्ण काळोख असतानाही दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो.

त्या बंद दारातून आम्ही आत कसे गेलो, ते आता सांगते.

आमच्याच मजल्यावर एक सत्तरी ओलांडलेल्या बाई राहतात. इथे वयाने कितीही मोठ्या माणसाला नावानेच हाक मारतात आणि त्या स्वतःही तसेच म्हणाल्या होत्या, पण माझ्या मुलीच्या तोंडी ते बसेना. तिने त्यांना सरळ ‘आजी’ म्हणायला सुरुवात केली, शब्दाचा अर्थ समजावून सांगितला, आणि तेव्हापासून त्या आजीच झाल्या. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांनी दारावर टकटक करून विचारले की, येत्या रविवारी त्यांच्याकडे ‘क्लिपे-क्लिस्टरे’ आहे, तर आम्ही येऊ का. शब्दाचा अर्थ ‘कापणे-चिकटवणे’ असा आहे. नाताळाच्या आधी एक दिवस घरातील लहानथोर टेबलाभोवती बसतात आणि रंगीत कागदांची सजावट तयार करतात. येताना घरात घालायचे लोकरी जोडे आणि एक कात्री घेऊन यावी, असेही त्यांनी सांगितले.

त्या दुपारी टेबलावर लाल-पांढऱ्या चकचकीत कागदांचे गठ्ठे होते, आल्या-दालचिनीच्या पातळ कुरकुरीत बिस्किटांचा डबा होता, आणि आजींची मुलगी, जावई व तीन नातवंडे होती. डॅनिश नाताळाची खूण असलेले विणलेले हृदय कसे करायचे, ते त्यांच्या नऊ वर्षांच्या नातवाने मला शिकवले. एक लाल आणि एक पांढरा कागद दुमडून घ्यायचा, एक टोक गोल कापायचे, घडीच्या बाजूने सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि मग दोन्ही तुकडे एकमेकांत विणायचे. हे विणणे चटईसारखे वरून-खालून नसते. प्रत्येक पट्टी दुहेरी असल्यामुळे एकदा ती समोरच्या पट्टीच्या आतून न्यावी लागते आणि पुढच्या वेळी समोरची तिच्या आतून. शेवटची पट्टी ओवताना कागद फाटण्याची भीती असते, म्हणून तिथे सगळेच श्वास रोखून बसतात. नीट जमले की हृदय टोपलीसारखे उघडते आणि त्यात छोटी बिस्किटे ठेवून ते झाडावर टांगता येते. सर्वांत जुने ज्ञात असे हृदय हान्स क्रिश्चन अँडरसन यांनी १८६० च्या सुमारास केलेले आहे. परीकथांचे हे लेखक १८०५ मध्ये याच ओडेन्समध्ये जन्मले, आणि कागद कापण्यात त्यांचा हात विलक्षण होता.

माझी पहिली दोन हृदये फाटली आणि तिसरे जमले. त्या तीन तासांत माझ्या मोडक्या डॅनिशची कोणाला अडचण झाली नाही, कारण हात कामात असले की वाक्ये तुटक असली तरी चालतात. कोणी गोंद मागते, कोणी कागद धरते, आणि मधल्या शांततेचा भार वाटत नाही. पाहुणी म्हणून मला कोणी सोफ्यावर बसवून कॉफी पाजली असती, तर मी आभार मानून घरी परतले असते आणि परकीच राहिले असते. त्यांनी मला कात्री दिली. दिवाळीच्या आधी वडिलांबरोबर बांबूच्या कामट्या तासून आकाशकंदील करताना, खळीने बरबटलेल्या बोटांनी आम्ही भावंडे जितकी एकमेकांजवळ असायचो तितकी फराळाच्या ताटावरही नसायचो, हे मला त्या परक्या टेबलापाशी इतक्या वर्षांनी उमगले.

त्याच वर्षी २४ डिसेंबरच्या संध्याकाळी, म्हणजे डॅनिश लोकांच्या खऱ्या नाताळाला, आजींनी आम्हाला बोलावले. ही संध्याकाळ इथे कुटुंबाबाहेरच्या माणसाला सहसा मिळत नाही, याची मला पूर्ण जाणीव होती. दुपारनंतर दुकाने बंद झाली, रस्ते ओस पडले. आम्ही मांस खात नाही म्हणून बदकाच्या शेजारी आमच्यासाठी लोणी-साखरेच्या पाकात परतलेले छोटे बटाटे, शिजवलेला लाल कोबी आणि भाजलेल्या कंदांचे एक मोठे भांडे ठेवलेले होते. जेवणाअखेर ‘रिसालामांग’ आली. ही तांदळाची गार खीर. तिच्यात फेटलेली साय, व्हॅनिला आणि बदामाचे तुकडे घालतात आणि वरून चेरीचा गरम रस ओततात. त्या सगळ्या भांड्यात एकच अख्खा बदाम असतो. तो ज्याला सापडेल त्याला भेट मिळते. पण सापडल्यावर तो गालात लपवून गप्प बसायचे असते, म्हणजे खीर संपेपर्यंत सगळे शोधत राहतात. त्या वर्षी बदाम माझ्या मुलीला मिळाला आणि तिने तो इतका वेळ लपवला की आजी तिसऱ्यांदा वाढून घेत होत्या.

मग शेजारच्या खोलीचे दार उघडले. झाडावर खऱ्या मेणबत्त्या पेटलेल्या होत्या आणि कोपऱ्यात पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. सर्वांनी हात धरून झाडाभोवती फेर धरला. आतल्या बाजूला मुले, बाहेर मोठी माणसे, एकेक गाणे म्हणत मंद चालीने फिरायचे. शेवटच्या गाण्याला जावयांनी फेर तोडून आम्हा सर्वांना साखळीने स्वयंपाकघरातून, झोपायच्या खोलीतून, जिन्यापर्यंत आणि परत असे धावत नेले. फांद्यांवर आमच्या रविवारची हृदये टांगलेली होती. माझे वाकडे हृदय आजींनी समोरच्या बाजूला लावले होते.

या दिवसांत एकटे असणारे लोकही इथे आहेत. चर्च आणि मदतसंस्था त्यांच्यासाठी २४ तारखेला सामुदायिक जेवणे ठेवतात, आणि तरीही त्या संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावरून चालणारा माणूस खिडक्यांकडे पाहून काय अनुभवत असेल, ते मी पहिल्या वर्षी अनुभवले आहे. म्हणून गेल्या दोन वर्षांपासून आम्हीही एक रविवार आमच्या टेबलावर ठेवतो. नुकतेच इथे आलेले एक तमिळ जोडपे, विद्यापीठात शिकणारी नाशिकची एक मुलगी आणि आजी, असे सगळे येतात. बिस्किटांच्या डब्याशेजारी चिवडा असतो आणि लाल-पांढऱ्या कागदांबरोबर थोडा जिलेटिन कागद आणि काड्या, कारण आजींना आता आकाशकंदील शिकायचा आहे.

यंदाचा रविवार परवा आहे. मुलीने पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. आजींनी सकाळीच दार वाजवून विचारले की, मागच्या वेळी आमच्याकडे विसरलेली त्यांची कात्री सापडली का. सापडली नसेल तर त्या दुसरी घेऊन येतील.