मॅडिसनची बादली-फावडे मंडळी

अमेरिकेत मॅडिसन शहरातल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मी शिकायला गेलो तोवर ‘पेल अँड शॉवेल पार्टी’, म्हणजे विद्यार्थ्यांचा ‘बादली-फावडे पक्ष’, इतिहासजमा होऊन बराच काळ लोटला होता. तरीही मॅडिसनचा विषय निघाला की मला आधी तीच आठवते, कारण माझ्या प्राध्यापकांपैकी काहींनी तिचे उद्योग डोळ्यांनी पाहिले होते आणि ते सांगताना त्यांचा चेहरा खुलत असे.

जिम मॅलन आणि लिऑन व्हार्जियन या दोघांनी १९७८ मध्ये या पार्टीतर्फे तिथल्या विद्यार्थी संघटनेची निवडणूक लढवली आणि जिंकली. संघटनेचा सारा निधी सुट्ट्या पेनींमध्ये, म्हणजे एक सेंटच्या नाण्यांमध्ये, बदलून ग्रंथालयासमोरच्या चौकात ओतायचा आणि विद्यार्थ्यांनी बादल्या-फावडी घेऊन तो लुटायचा, हे त्यांचे आश्वासन. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनांनी हे विद्यापीठ ढवळून निघाले होते. १९७० च्या ऑगस्टमध्ये स्टर्लिंग हॉलबाहेरच्या बॉम्बस्फोटात एका संशोधकाचा जीवही गेला होता. त्या कडवटपणानंतर आलेल्या पिढीला पुन्हा एकत्र येण्यासाठी अशा निखळ वेडेपणाची गरज होती, असे मला मनापासून वाटते.

स्वातंत्र्यदेवीचा पुतळा मॅडिसनला आणू, हे आणखी एक आश्वासन. ते मात्र त्यांनी पाळले. फेब्रुवारी १९७९ मध्ये गोठलेल्या मेंडोटा तळ्यावर एका सकाळी लोकांना बर्फातून वर आलेले देवीचे डोके, मुकुट आणि मशाल धरलेला हात दिसला. हेलिकॉप्टरने आणताना दोर तुटला आणि पुतळा बर्फ फोडून तळ्यात गेला, असा खुलासा व्हार्जियनने गंभीरपणे केला. प्रत्यक्षात लाकूड, तारेची जाळी आणि कागदाचा लगदा यांतून ते सारे उभे केले होते, पण नाकापर्यंत बुडालेला तो चेहरा इतक्या प्रमाणबद्ध रीतीने घडवला होता की त्याला मी शिल्पच म्हणेन. खर्च झाला सुमारे साडेचार हजार डॉलर. विद्यार्थ्यांच्या पैशांची ही उधळपट्टी आहे अशी ओरड झाली, तेव्हा दरडोई वाटा दहा सेंट निघाला आणि ज्यांनी परत मागितला त्यांना व्हार्जियनने दहा सेंटचे धनादेश लिहून दिले. पुढे कुणीतरी तो पुतळा जाळला, तर या मंडळींनी पुढच्या हिवाळ्यात नवा उभारला.

हा नवा पुतळा उभा राहण्याआधी, १९७९ च्या सप्टेंबरात, बॅसकॉम टेकडीच्या हिरवळीवर त्यांनी प्लास्टिकचे १००८ गुलाबी फ्लेमिंगो रोवले होते. तासाला निघालेल्या मुलांना त्यांच्यामधूनच वाट काढावी लागली आणि अनेकांनी जाता जाता एकेक पक्षी उचलून घरी नेला.

आपल्या गॅदरिंगमधल्या फिशपाँडांशी मी याची नेहमी तुलना करतो. तिथे कुणाचा तरी रंग, वजन किंवा प्रेमप्रकरण चव्हाट्यावर आणल्याशिवाय हशा पिकत नाही, आणि ज्याच्यावर तो पिकतो त्याच्या मनात तो बोचरा शेरा वर्षानुवर्षे राहतो. मॅडिसनच्या त्या दोन्ही खेळांत कुणाचीच टर उडवलेली नव्हती. पाहणारा प्रत्येक जण त्यात आपोआप सामील होत होता. मोठ्या विनोदाला सावज लागत नाही, हे मला तिथे उमगले.

व्हार्जियन पुढे न्यू जर्सीत शाळेत गणित शिकवू लागला. २०१५ मध्ये तो वारला. त्याआधीच, २००९ मध्ये, मॅडिसनच्या नगर परिषदेने प्लास्टिकच्या फ्लेमिंगोला शहराचा अधिकृत पक्षी म्हणून मान्यता दिली होती.